सहाव्या यंत्राचे प्रकरण

माझ्या साडूंना या जगातील एकच गोष्ट मनापासून सहन होत नसे, ती म्हणजे बिनतक्रार चालणारी वस्तू. पाहुण्याने दारावरची घंटा दाबली आणि ती वाजली, तर साडू पाहुण्याकडे न पाहता आधी घंटेकडे संशयाने पाहत. लग्नात वधूवरांवर अक्षता पडत असताना त्यांचे सर्व लक्ष ध्वनिक्षेपकाच्या घरघरीकडे असे, आणि मंगलाष्टके संपण्यापूर्वी ते मांडवाच्या मागे कुठल्या तरी तारा हाताळताना सापडत. श्रीरामपुरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत रेडिओ, पंखा, मिक्सर आणि शिलाईयंत्र आपापली आतडी बाहेर काढून नांदत असत. माझी मेहुणी म्हणे, "या घरात न उघडलेली मी एकटीच उरले आहे." मेहुणी शांत स्वभावाची होती. त्या संसाराला दुसरा स्वभाव परवडलाही नसता.

पोटासाठी साडू एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. आलेल्या कागदाला आवक क्रमांक आणि जाणाऱ्या कागदाला जावक क्रमांक देण्यात त्यांची पंचवीस वर्षे गेली होती. एवढ्या काळात माणसाची सरकारी कागदावरची श्रद्धा उडायला हरकत नव्हती. यांची वाढली. जगातील कोणतेही दुःख विषय आणि संदर्भ घालून, योग्य नमुन्यात, योग्य मार्गाने वर पाठवले तर त्याचे निवारण होते, असे ते मानत. कचेरीबाहेरच्या माणसाने हे मानावे, हे मी समजू शकतो. आत बसून पंचवीस वर्षे मानत राहणे, याला तपश्चर्या लागते.

नव्वदचे दशक संपत आले तेव्हा या तपश्चर्येला फळ आले. साडूंनी सुटे भाग जमवून घरी एक संगणक उभा केला आणि त्यावर एक अपुरी प्रणाली बसवली. प्रणाली म्हणजे संगणकाला झोपेतून उठवून कामाला लावणारी मूळ आज्ञावली, असे त्यांनी मला समजावले. ही प्रणाली कोणा कंपनीची नव्हती. देशोदेशीचे हौशी लोक ती फावल्या वेळात लिहीत होते आणि ती अजून लिहून व्हायची होती. तिला कोणाचा प्रिंटर ओळखता येत नसे, कोणाचा माऊस. कधी ती मध्येच गप्प होई. मात्र दोष सापडला तर तो लिहिणाऱ्यालाच थेट कळवता येत असे. वस्तू मोडकी, फुकट, आणि तक्रार वाचणारा माणूस जिवंत. साडूंच्या स्वर्गात याहून अधिक काही असेल, असे मला वाटत नाही.

इतर देशांतले लोक दोष दोन ओळींत कळवत. साडूंच्या पत्राला जावक क्रमांक असे. त्याखाली विषय, त्याखाली संदर्भ, मग "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की" या अर्थाचे कचेरीतले इंग्रजी, आणि शेवटी सहपत्रांची यादी. श्रीरामपुरात तेव्हा ईमेल नव्हते. पत्र फ्लॉपीवर उतरवून, फ्लॉपी पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात घालून, डबा सोमवारी सकाळच्या पुणे गाडीच्या कंडक्टरकडे दिला जाई. पुण्यात त्यांचे मावसभाऊ एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. ते पत्र रवाना करत, आणि आलेले उत्तर गुरुवारी त्याच डब्यातून परत येई. एकदा नव्या कंडक्टरने विचारले, "काका, डब्यात काय हाय? सांडंल का?"

"तक्रार आहे," साडू म्हणाले. "उभी धरा."

पहिल्या पत्राला एका जर्मन गृहस्थाचे उत्तर आले. आजवर मला आलेली ही सर्वांत सभ्य तक्रार आहे, असे त्याने लिहिले होते; तिचा निम्मा भाग मला कळला नाही, असेही. साडूंनी पहिले वाक्य दोनदा वाचले आणि न कळलेला निम्मा भाग तीन पानांत पुन्हा पाठवला. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर स्मरणपत्र जाई. मी त्यांना म्हणालो, "तो माणूस बिनपगारी राबतो. तुमच्या स्मरणपत्राला तो कशाला भीक घालील?"

"अण्णा, पगारवाले घालतात का?"

मी स्वतः पगारवाला होतो.

श्रीरामपूरजवळच्या बेलापूरला आमच्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो आणि निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. सुप्याच्या एका कारखान्याने सहा जुने संगणक आम्हाला दान दिले. देताना आतील प्रणाली पुसून घेतली होती. गाय दिली, पण दूध काढून. अकरावीला संगणक विषय सुरू करण्यासाठी मान्यता हवी होती, आणि तपासणीच्या दिवशी सहाही यंत्रे एकमेकांना जोडून चालू दिसली तरच ती मिळणार होती. न मिळाल्यास यंत्रे आमच्या संस्थेच्या दुसऱ्या शाळेकडे जाणार होती. आसपासच्या वस्त्यांवरच्या ज्या मुलींना घरचे लोक श्रीरामपूरला पाठवायला तयार नव्हते, त्यांच्या घरी मी स्वतः गेलो होतो. विषय इथेच सुरू होईल, मुलीला थांबवू नका, असा शब्द देऊन आलो होतो. प्रणाली विकत घेण्याची ऐपत नव्हती. मी आयुष्यात फार थोडे शब्द दिले आहेत. त्यातला हा एक मला साडूंच्या डब्यात ठेवावा लागला.

साडू सायकलवर आले. सर्व यंत्रांची झाकणे त्यांनी प्रथम काढली आणि मग चहाला काय आहे ते विचारले. प्रणाली पस्तीसएक फ्लॉप्यांवर होती. सतरावी खराब निघाली, म्हणून पुन्हा डबा पुण्याला गेला. तीन आठवड्यांत पाच यंत्रे उठली. सहावे उठेना. सुरू होताना प्रणाली यंत्रातील सर्व भागांची हजेरी घेते, आणि सहाव्या यंत्रात ती नेटवर्क कार्डापाशी, म्हणजे इतर यंत्रांशी जोडणाऱ्या भागापाशी थबके. नाव पुकारले जाई, कोणी हजर म्हणत नसे, आणि प्रणाली उत्तराची वाट पाहत जन्मभर उभी राहण्याची तयारी दाखवी. कार्डावर कंपनीचे नाव नव्हते. जर्मन गृहस्थाने त्याचे वर्णन मागवले. साडूंनी ते पाठवले: रंग हिरवा, लांबी एक वीत, एका कोपऱ्यास पूर्वीचा डाग, कारण अज्ञात. शिवाय कार्डावर छापलेला प्रत्येक आकडा कळवला. त्यात कारखान्याच्या भांडारपालाने शाईने घातलेला आकडाही होता. त्या भांडारपालाच्या आकड्याचा अर्थ लावण्यात जर्मनीत आठ दिवस गेले.

आमच्या शाळेच्या सेविका कडूबाई हे सर्व झाडू हातात धरून पाहत असत. एक दिवस त्या माझ्या खोलीत आल्या. "सर, पावनं पुन्हा त्याच मशिनीचं पोट फाडून बसल्यात. च्या गार झाला. ह्यांना घरी कुनी हाय का न्हाई?"

"पत्नी आहे."

"मंग तिलाच लई सोसावं लागत आसंल," कडूबाई म्हणाल्या आणि दुसरा चहा ठेवायला गेल्या.

तपासणीचा दिवस आला आणि सहावे यंत्र आपल्या मतावर ठाम होते. मी त्यावर कापड घातले, कापडावर फुलदाणी ठेवली आणि साडूंना बजावले, "विचारलेच तर जादा यंत्र आहे म्हणून सांगा." साडूंनी मान हलवली. मान हलवण्याचा त्यांच्या कचेरीतला अर्थ मला माहीत असायला हवा होता.

तपासणी अधिकारी जाडजूड आणि थकलेले गृहस्थ होते. त्यांनी पाच यंत्रांवरून नजर फिरवली आणि फुलदाणीपाशी थांबले. "हे?"

"हे बंद आहे," साडू म्हणाले. "कारण समजले आहे. उपाय समजलेला नाही."

मी खिडकीबाहेर पाहिले. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते.

"मग काय केलेत?"

साडूंनी पिशवीतून पत्रव्यवहाराची फाईल काढून त्यांच्या हाती दिली. अधिकारी उभ्याउभ्याच चाळू लागले, मग त्यांनी खुर्ची ओढली. चष्मा लावला. कडूबाईंनी आणलेला चहा त्यांनी नजर न उचलता घेतला. चालू असलेली पाच यंत्रे त्यांच्या पाठीमागे उगाच चालू राहिली.

"तिसरे स्मरणपत्रसुद्धा गेलेले दिसते."

"चौथे सोमवारी जाईल, साहेब."

"दुसऱ्याची पोच?"

"पान एकोणीस."

अधिकाऱ्यांनी पान एकोणीस काढले. जर्मन गृहस्थाने एव्हाना आमची रीत उचलली होती. आपला जावक क्रमांक अकरा मिळाला, असे त्याने सुरुवातीलाच लिहिले होते. अधिकाऱ्यांनी त्या ओळीवर बोट ठेवले. "परदेशातून पोच येते," ते स्वतःशी म्हणाले. "आमच्याच कचेरीच्या वरच्या मजल्यावरून मला अजून येत नाही." मग त्यांनी शेरा लिहिला: पाच यंत्रे चालू, सहाव्याबाबत परदेशी पत्रव्यवहार सुरू, मान्यता देण्यास हरकत नाही.

चालणाऱ्या यंत्रांनी जे झाले नसते, ते एका बंद यंत्राच्या नीट लावलेल्या कागदांनी झाले. माझा शब्द राहिला. त्या जूनमध्ये अकरावीच्या वर्गात मुली बसल्या. त्यांतल्या काहींच्या वडिलांनी मला नमस्कार केला. तो मी घेतला. साडूंकडे पोहोचवला नाही.

मला वाटले, प्रकरण संपले. पुढच्या रविवारी दहा वाजता साडू सायकलवरून दारात.

"आता काय राहिले? मान्यता मिळाली."

"शाळेला मिळाली, अण्णा. यंत्राला कुठे मिळाली?"

मग दर रविवारी मी शाळा उघडू लागलो. जर्मनीतून आलेल्या चार-सहा बदललेल्या ओळी साडू एका चालू यंत्रात घालत आणि सहाव्यासाठी प्रणाली त्याला नव्याने बांधायला लावत. त्या बांधणीला दीड तास लागे. तेवढा वेळ आम्ही दोघे त्या खोलीत बसून असू. मी वर्तमानपत्र वाचत असे. ते पडद्यावरून सरकणाऱ्या अक्षरांकडे पाहत. बोलणे जवळजवळ नव्हतेच. आमच्यासारख्या दोन माणसांना एकमेकांशी बोलण्याजोगे असते तरी काय. सातव्या रविवारी सहाव्या यंत्राची हजेरी त्या कार्डापाशी आली, क्षणभर थबकली आणि पुढे गेली. साडू म्हणाले, "बरं." त्यांनी फाईलमध्ये एक ओळ लिहिली, कपातला उरलेला चहा संपवला आणि ते घरी गेले. मी त्यांचे आभार मानले नाहीत. ते मानायचे असतात, हे तेव्हा सुचले नाही.

त्यापुढच्या रविवारी येण्याचे त्यांना काही कारण नव्हते, आणि ते आले नाहीत. मी दहाला शाळा उघडली. यंत्र सुरू केले. ते सुरू झाले. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले आणि साडेअकराला कुलूप लावून घरी आलो.

"आज कशाला गेला होता?" पत्नीने विचारले.

"चालते का ते पाहायला."

"मग?"

"चालते," मी म्हणालो.