आधीच भाजलेला हलवा

आमच्या मुदुर्नू गावात कोणाकडे मयत झाली की पहिला निरोप मशिदीत जातो आणि दुसरा नाझिरेकडे. ती येते, डोक्याचा रुमाल मागे घट्ट बांधते आणि त्या घरच्या शेगडीपाशी उभी राहते. लोणी वितळलं की त्यात रवा पडतो, मूठभर चिलगोजे पडतात, आणि मग घरचे-शेजारचे पाळीपाळीने लाकडी चमचा हाती घेऊन, गेलेल्याचं नाव घेत, फातिहाची प्रार्थना म्हणत परततात. त्या हलव्याचा वास गेलेल्या जिवाला पोचतो, असं आम्ही मानतो. चमचा कोणाच्याही हातात असो, लक्ष नाझिरेचं असतं. चिलगोजे बदामी दिसले की ती न बोलता गरम दूध-साखर ओतते, झाकणाखाली फडकं घालते आणि बाजूला होते.

मी गावच्या शाळेत शिकवायचे, लहानपणी ती माझ्या वर्गात होती. खडू वाटायचं काम तिच्याकडे होतं. तुटका खडू ती कोणाला द्यायची नाही, स्वतःसाठी ठेवायची. हलवा तिला सासूने, गुलसुमबाईंनी शिकवला. गुलसुमबाईंच्या जिभेला धार होती. सगळं गाव बोटं चाटत असलं तरी त्या म्हणायच्या, "बरा आहे, जरा फिका राहिला."

एका हिवाळ्यात गुलसुमबाईंना न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी याकूबला, म्हणजे नाझिरेच्या नवऱ्याला, बाजूला घेऊन सांगितलं की ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. नणंद अंकाराहून निघाली. गुलसुमबाईंनी आदल्या दिवसापासून डोळे उघडले नव्हते. आणि दुपारी नाझिरेने स्वयंपाकघराचं दार लोटून लोणी गॅसवर ठेवलं.

असं का केलंस, हे मी तिला विचारलं नाही, तिनेच सांगितलं. उद्या घर माणसांनी भरेल, आपल्याला रडण्यातून उठू देणार नाहीत, आणि दुसरी कोणी घाईघाईत कच्चा हलवा करून ठेवेल. साऱ्या गावासाठी केला, आणि आईंचाच हलवा बिघडलेला वाढायचा? "बाई, मी त्यांच्यासाठीच करत होते," ती म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "थोडा माझ्या नावासाठीही."

रवा रंगावर आला, वास जिना चढून वर गेला, आणि वरून हाक आली. नाझिरे धावत वर गेली, तर गुलसुमबाई डोळे उघडून छताकडे बघत होत्या.

"कोण गेलं गं?"

नाझिरेला खिडकीसमोरचं घर दिसलं आणि तोंडून निघून गेलं, "समोरचे रिफत काका."

गुलसुमबाई रडल्या. चांगला माणूस होता, थापाड्या होता पण चांगला, असं म्हणाल्या. उशीला टेकवून बसवायला लावलं आणि हुकूम केला, त्याच्या बायकोला ताटली देऊन ये, मी इथून बघते. नाझिरे नाही म्हणू शकली नाही. बर्फातून रस्ता ओलांडताना ती एकच प्रार्थना करत होती, की दार काकूंनी उघडावं.

दार रिफत काकांनी उघडलं. अंगात बनियन, हातात चहाचा पेला. हलवा बघून त्यांचा चेहरा पडला. त्यांनी वर खिडकीकडे बघितलं, तर गुलसुमबाई बसलेल्या. काका इतके खूश झाले, की त्यांनी तिथूनच हात हलवला आणि उभ्याउभ्या एक घास तोंडात टाकला.

नाझिरे जिना चढून वर आली तेव्हा सासूबाई अजून खिडकीबाहेर बघत होत्या.

"मेल्यावर रिफतची तब्येत सुधारली," त्या म्हणाल्या.

नाझिरे पलंगाशी गुडघ्यांवर बसली. सगळं सांगितलं, नावासाठी हेसुद्धा. आई, तुमचा माझ्यावरचा हक्क सोडा, मला माफ केलं म्हणा, असं विनवलं. आमच्यात मरणाऱ्या माणसाला हे शब्द तोंडाने म्हणावे लागतात, नाहीतर ओझं मागे राहतं. गुलसुमबाईंनी भिंतीकडे तोंड केलं.

नणंद आली, आईला सूप पिताना बघून हसली-रडली आणि परत गेली. ताप उतरला. नाझिरे त्यांचे केस विंचरायची, पाय चोळायची, पण वर बघायची नाही. गावात दोन घरी मयत झाली, ती गेली नाही. डोकं दुखतं म्हणाली.

एकदा सकाळी मी दही द्यायला गेले, तर गुलसुमबाई शाल गुंडाळून स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेल्या. त्यांनी लोणी काढायला लावलं होतं. "हलवा काय मेलेल्यांनीच खायचा?" त्या मला म्हणाल्या. नाझिरेने रवा आणि चिलगोजे टाकले, चमचा हातात धरला. गुलसुमबाईंनी आपला हात तिच्या हातावर ठेवला आणि दोघी मिळून चमचा फिरवू लागल्या. म्हातारीने आधी नवऱ्याचं नाव घेतलं, मग लहानपणीच गेलेल्या मुलाचं. चिलगोजे रंग धरू लागले. मग तिने स्वतःचं नाव घेतलं.

नाझिरेचा चमचा थांबला.

"थांबू नकोस, पोरी," सासूबाई हात न काढता म्हणाल्या, "खाली लागेल."