ओठांवर आलेलं नाव

त्या हिवाळ्यात मी नमाज पढत होतो, पण मन लागत नव्हतं. डोंगरापलीकडे धरणाचं काम चाललं होतं. तिकडची गावं पाण्याखाली जायची म्हणून माणसं पेटली होती. कुणी काम अडवायला जात होतं, कुणाला शिपाई धरून नेत होते. त्याची धग आमच्या कोळवण खोऱ्यातही पोचली होती. कोण कुणाशी बोलतो, कुणाच्या ओसरीवर बसतो, यावर सगळ्यांची नजर असायची. गावात मुसलमानाचं घर एकच, ते आमचं. देवापुढचा बोकड कापायचा मान पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे, म्हणून लहानथोर मला मुलाणी म्हणूनच हाक मारत. त्या वर्षी मात्र ती हाकही कमी ऐकू यायची.

अब्बा हयात असताना सांगायचे, पैगंबरसाहेबांनी आपल्याला शिकवलंय, ज्याची अल्लाहवर श्रद्धा आहे त्यानं बोलायचं तर भलं बोलावं, नाहीतर गप्प राहावं. लहानपणी हे सोपं वाटायचं. त्या वर्षी मला त्याची शंका यायला लागली होती. जो गप्प बसतो त्यालाच लोक चोर समजतात, असं डोळ्यांनी दिसत होतं. अल्लाह मनातलं ऐकतो, पण चावडीवर अल्लाहला विचारतं कोण? हा प्रश्न मी कुणापुढे काढला नव्हता. सजद्यात डोकं टेकलं की तो मात्र वर यायचा.

भात कापून झाल्यावर दरवर्षी बिरा धनगर आपली मेंढरं घेऊन आमच्या खोऱ्यात उतरायचा. मोकळ्या खाचरांत मेंढरं बसवायची, लेंडीखत शेतकऱ्याला व्हायचं, बदल्यात त्याला धान्य मिळायचं. बिरा, त्याची बायको तानूबाई, दोन घोडी आणि मेंढरं, एवढाच त्यांचा संसार. त्या वर्षी त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट मुक्काम, ओढ्याच्या डोहाकाठी, भैरोबाच्या देवळाखालच्या खाचरात होता.

एके दिवशी सकाळी उन्हं वर आली तेव्हा तानूबाईचा आक्रोश गावभर ऐकू गेला. मेंढरं तोंडाला फेस येऊन, पाय झाडत मरत होती. आम्ही धावलो तोवर कितीतरी आडवी झाली होती. बिरा एका मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मग तो उठला. खांद्यावर कुऱ्हाड होती ती त्यानं हातात घेतली.

"इख घातलंय कुनीतरी," तो म्हणाला. "डव्हात इख घातलंय माज्या मेंढरांच्या."

गाव चावडीपुढं जमलं. पाटलांनी विचारलं, पहाटे डोहावर कोण गेलं होतं? कुणीतरी म्हणालं, मुलाणी रोज जातो. खरंच होतं. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजाआधी मी त्याच डोहावर हातपाय-तोंड धुऊन वजू करायचो, त्या दिवशीही केला होता. मागून आवाज आला, "मेलेल्या मेंढरांची कातडी कुनाच्या घरी जात्यात ते बी इचारा की."

ती माझ्याच घरी येत, हे सगळ्यांना माहीत होतं. बिरा माझ्याकडे बघत होता. रागापेक्षा त्याच्या डोळ्यांत एक रिकामेपण होतं आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

खरं तर त्या पहाटे मी डोहावर एकटा नव्हतो. वजू करून उठलो तेव्हा पलीकडच्या काठानं गणपत येताना दिसला होता. गणपत म्हणजे आमचा भिंतीला भिंत लावून राहणारा शेजारी, साधा कुणबी. अंगावर घोंगडं, हातात कुदळ, आणि काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. मी हाक मारली, पण तो दचकून करवंदीच्या जाळीत शिरला. मागच्या पंधरवड्यात बिराची मेंढरं त्याच्या हरभऱ्यात घुसली होती आणि दोघांची मोठी बाचाबाची झाली होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तोच गणपत आता गर्दीच्या कडेला उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली.

माझी घरवाली बायकांच्या घोळक्यातून पुढं आली. तिला मी सकाळीच सगळं सांगितलं होतं. "आवो, सांगा की काय बगितलं ते," ती रडत म्हणाली. "लेकराबाळांचं घर हाय आपलं."

"बोल मुलाण्या," पाटील म्हणाले. "कोन व्हतं तितं?"

मी तोंड उघडलं. नाव ओठांवर आलं होतं, हे मी आज कबूल करतो. पण घशाला अशी कोरड पडली होती की आवाजच फुटेना. मी खोकायला लागलो. तेवढ्यात चावडीच्या कट्ट्यावरून एक म्हातारा खाली उतरला. पांढरी दाढी, ठिगळांचा अंगरखा, खांद्याला झोळी. घाटाकडून आलेला कुणी फकीर असावा. तो तिथं कधी येऊन बसला ते मी पाहिलं नव्हतं. त्यानं माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

"बैठ के पी, बाबा," तो हळूच म्हणाला. "घाई कशाची? तीन घोटांत पी."

पाणी बसून प्यावं, मध्ये श्वास घेत तीन घोटांत प्यावं, ही आमची रीत. मी जमिनीवर बसलो. पहिला घोट घेतला तेव्हा डोक्यात फक्त बिराची कुऱ्हाड होती. दुसरा घेतला आणि मनात आलं, मी नेमकं काय पाहिलं? एक माणूस, एक कुदळ, एक गाठोडं. विष पाहिलं का? नाही. तिसऱ्या घोटाला मी डोळे मिटले आणि म्हणालो, या अल्लाह, मला काही कळत नाही, तूच सांभाळ. सगळा हिवाळाभर जे मला जमलं नव्हतं ते त्या एका घोटात झालं. मी स्वतःला त्याच्या हवाली केलं.

उठलो तेव्हा मी बोललो ते वेगळंच होतं. ते मला कसं सुचलं, मी सांगू शकत नाही.

"बिरादा, कुराड माज्यावर चालवायची तर चालव," मी म्हणालो. "पर त्याआदी मला एक मेंढरू फाडू दे. काय खाल्लंय ते पोटात दिसंल."

तानूबाईच म्हणाली, "फाडू द्या त्याला. माजं काय ऱ्हायलंय आता?"

सगळं गाव ओढ्याकडे निघालं. मी सुरी चालवली. रोजचं काम, पण त्या दिवशी मागं कुऱ्हाडवाला माणूस उभा होता. पोटातला कोठा चिरला आणि आतला चारा बोटांनी पसरला. गवतात लांब, चिवट, टोकदार पानं होती, न चावता गिळलेली. मी एक पान धुवून वर धरलं.

"कन्हेर!" तानूबाई ओरडली.

भैरोबाच्या उत्सवासाठी आदल्या दिवशी गावानंच मिळून देवळाभोवतीची कण्हेर छाटली होती आणि फांद्या उतारावरून खाली टाकल्या होत्या. कण्हेर विषारी; ओली असताना जनावर ती तोंडात धरत नाही, पण सुकायला लागलेली पानं गवताबरोबर खाल्ली जातात. उरलेली मेंढरं त्याच उताराला लागली होती. बिरानं कुऱ्हाड टाकली आणि तो पळत सुटला. मागोमाग गणपत धावला, पाटील धावले, सगळेच धावले. हाकारे घालत, हातांनी ढकलत मेंढरं वर काढली. निम्म्याहून अधिक कळप वाचला. आम्ही माणसामागं लागलो असतो तर तेवढा कळपही राहिला नसता.

सकाळी कोण कुणाला दिसलं, हे मग कुणीच विचारलं नाही. बिरा माझ्यापाशी आला, माझे रक्ताळलेले हात त्यानं आपल्या हातात घेतले. म्हाताऱ्याला घरी जेवायला न्यावं म्हणून मी चावडीवर गेलो, तर कट्टा रिकामा होता. कुणी म्हणालं पौडच्या वाटेनं गेला, कुणी म्हणालं तो तर डोंगराकडे चढताना दिसला. तो कोण होता, यावर मी वाद घालत नाही. त्यानं पाणी दिलं, एवढं मला ठाऊक आहे.

पुढं बऱ्याच दिवसांनी गणपत माझ्या ओसरीवर येऊन बसला. खाली बघत म्हणाला, "माजी पोर... नवरा गेलेली, रांडमुंड पोर. तिला मेलेलं मूल झालं त्या रातीला. ते पुराया गेलतो मी. तुमी नाव घेतलं असतं तर मला सांगावं लागलं असतं. ती हिरीत उडी घ्याया बसली व्हती, मुलाणी."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

ती मुलगी पुढं आपल्या मावशीकडे कासारसाईला गेली आणि तिथंच एका भल्या माणसाशी तिचा पाट लागला. आता त्यांतलं कुणी उरलेलं नाही, म्हणून हे लिहितो. तरीही वर दिलेली नावं खरी नाहीत. माणसाला दिसतं ते फार थोडं असतं. बाकीचं अल्लाहनं झाकून ठेवलेलं असतं आणि झाकायला त्याच्याकडे कारण असतं. त्या दिवशी माझी जीभ त्यानं आवरली, माझ्यात तेवढं बळ नव्हतं. मुलीला तिथं दोन मुलगे झाले. थोरल्याच्या बारशाला गणपतनं मला बैलगाडीत आपल्या शेजारी बसवून नेलं. वाटभर आम्ही दोघं एक शब्दही बोललो नाही आणि इतका सुखाचा प्रवास मी पुन्हा केला नाही.