रुक्मिण कुणाच्या पॅनलमध्ये?

"मॅडम, फोडाफोडी चालू हाय! गजाननच्या गटानं ढाळे देऊन रुक्मिणला फोडली!"

झरी गावाजवळच्या आमच्या शाळेतला चौथीचा वर्ग. सगळे एकदम ओरडत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. खिडकीपाशी रुक्मिण हरभऱ्याचे ढाळे सोलत ऐटीत बसली होती.

हीच रुक्मिण महिन्यापूर्वी कुणाला नको होती. तिला अक्षरं यायची, शब्द लागत नव्हते. मेंढरं राखणारे तिचे वडील बिराजीभाऊ म्हणाले होते, "सक्रांतीपस्तोर वाचली तर ठीक मॅडम. न्हाईतर मेंढरामागं धाडतो." तेव्हापासून माझी झोप उडाली होती.

मी चार-चार मुलांचे गट केले. मी एका गटापाशी बसायची, बाकीचे एकमेकांना शिकवायचे. गटप्रमुख मुलांनीच मतदानानं निवडले, इथंच घोळ झाला. गावात नुकतीच ग्रामपंचायतीची निवडणूक झालेली. पोरांनी गटांची पॅनलं केली आणि बरोबर उत्तराला गटाला मिळणाऱ्या स्टारसाठी एकमेकांची हुशार पोरं पळवायला लागली. रुक्मिण उरली.

मग मी नियम बदलला. बरोबर उत्तराला स्टार नाही. अक्षरावरून शब्दावर, शब्दावरून वाक्यावर, जो जितका पुढं सरकेल तितके स्टार त्याच्या गटाला. हुशार पोरं सरकणार कुठं? ती तर आधीच टोकाला! एका रात्रीत रुक्मिणचा भाव वधारला.

ढाळ्यांच्या त्या गोंधळातच केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळा तपासणारे साहेब, दारात उभे राहिले.

"मॅडम, वर्ग हाय का बाजार?"

"गटकार्य आहे, सर."

"आन् ढाळे?"

"तो प्रचार आहे, सर."

साहेबांनी कपाळाला हात लावला. शेवटी निकाल रुक्मिणनंच दिला, "मी समद्याच गटात बसनार. रोज एकाकडं."

पोरांनी तिला अक्षरशः सळो की पळो करून सोडलं. पाण्याच्या टाकीपाशी, खिचडीच्या रांगेत, जिथं दिसेल तिथं पाटीवर शब्द लिहून पुढ्यात धरायचे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी बिराजीभाऊ खांद्यावर घोंगडी टाकून आले. रुक्मिण धडा वाचायला उभी राहिली. 'प्रवास' या शब्दावर अडली. गजाननने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

"प्र... वा... प्रवास!" म्हणत ती सुटली ती थेट धड्याच्या शेवटापर्यंत.

बिराजीभाऊ म्हणाले, "आनखी एकडाव वाच, बाय." तिनं वाचलं. त्यांनी घोंगडीच्या टोकानं डोळे पुसले. "ऱ्हाऊ द्या हिला साळंत, मॅडम. मेंढराचं माझं मी बघतो."

वर्गात जो गलका झाला! मीही पोरांबरोबर टाळ्या पिटत नाचले, खोटं कशाला सांगू. पण लगेच नवं भांडण लागलं, स्टार कुणाचे?

सगळ्यांना दिले. हुशार पोराला जवळ घ्या म्हणून कुणाला शिकवावं लागत नाही. मागं राहिलेल्याला भाव येईल असा नियम मात्र बाईलाच करावा लागतो.