जहाजाचा क्लच आणि आबांचा पाय

मी जहाजावर इंजिनियर. सुट्टीवर राणीसावरगावला आलो की माझे वडील, आबा, असं काही विचारतात की माझीच परीक्षा होते. यंदा म्हणाले, "क्लच असतो का रं तुमच्या जहाजाला?"

"असतो की. दोन इंजिनं, पाण्यातला पंखा एकच. एक बंद ठेवायचं तर ते पंख्यापासून सोडवाय नको?"

"मग दाबतो कोण? केवढा पाय लागत असंल."

पाय कसला डोंबलाचा. रबरी नळीत हवा भरते, नळी फुगते, तिच्यावरच्या पट्ट्या पंख्याच्या दांड्यावरच्या ड्रमला आवळतात. आधी जराशा घसरतात, मग घट्ट धरतात. हवा कमी पडली तर घसरतच राहतात आणि जळतात. ऐकता ऐकता आबा बाजेच्या कडेपर्यंत सरकले होते.

मी मुद्दामच लांबण लावली होती. आबांच्या ट्रॅक्टरची क्लचप्लेट दोन वर्षांत तिसऱ्यांदा जळली होती. ऊसतोडीला माणसं नेताना यंदा वाटेत बंद पडला तर पुढच्या हंगामाला दुसरा ट्रॅक्टर बघतो, असं मुकादमानं तोंडावर सांगितलं होतं. आबा दुकानदाराला शिव्या घालायचे, डुप्लिकेट प्लेट देतो म्हणून. मला मात्र त्यांचा डावा पाय दिसायचा, सदा क्लचच्या पेडलवर टेकलेला; त्या भारानं प्लेट घसरत राहायची. पण सगळी हयात ट्रॅक्टरवर गेलेल्या बापाला हे सांगायचं कसं?

शेवटी सांगून टाकलं. आबा चिडले नाहीत.

"मागं ट्रॉलीत बायालेकरं असत्यात. उतारावर पाय तयार नको व्हय?"

मला राहवलं नाही. "उतारावर क्लच दाबला की इंजिन ट्रॉलीला धरत न्हाई, आबा. ती मोकळी सुटती. तुमी उलटं करायलाव."

आबा उठले आणि ट्रॅक्टरजवळ जाऊन पेडलकडं बघत उभे राहिले. इतकं तोडून बोलायला नको होतं, असं मला वाटलं.

माणसं घेऊन निघायच्या सकाळी त्यांनी मला डाव्या मडगार्डवर बसवलं. "पाय गेला की सांग," म्हणाले. माळावरचा उतार लागला. मागं बायकांच्या गप्पा चालू होत्या. आबांचा पाय दोनदा वर आला आणि पेडलच्या अलीकडेच थांबला. ट्रॉली इंजिनाच्या धाकात हळूहळू उतरत होती. तिसऱ्यांदा पाय हलला तेव्हा सांगावं म्हणून मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा त्यांनी ताठ आवळून धरला होता; पाय अजून पेडलच्या अलीकडेच होता.

मी उतार संपेपर्यंत हात तिथंच ठेवला.