जेसीबीच्या बकेटमध्ये बसलेला माणूस

जुनी इमारत पाडायची असली, की भिंतीतलं मोहोळ काढायला मी त्यालाच बोलावतो. माणसांशी तो तुटक बोलतो. माश्यांना मात्र "सरका बाई, सरका" म्हणतो.

भातकुलीच्या शाळेत दुपारीच पोळं पेटीत बांधून झालं, राणीही आत गेली. पेटी भिंतीच्या भोकाशी ठेवून हा थेट जेसीबीच्या बकेटमध्ये जाऊन बसला.

"उठ ना बे!" ड्रायव्हर ओरडला.

"शेतात गेलेल्या यायच्या हायेत. काहून घाई करून राह्यला?"

दिवस मावळल्यावर त्यानं पेटीला कान लावला. "आल्या सगळ्या."

"मोजल्या कशा?" मी विचारलं.

"मोजाचं काय काम? गलका निवला आता. घरचं कोणी बाहेर असलं, तं तुमच्या घरी चैन पडते काय कोणाले?"

मी सकाळपासून तिथेच होतो. घरी फोन लावला.