टिकल्या आणि शाळेचा टोल

डी.एड. झाल्यावर माझी पहिली नेमणूक पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावाजवळच्या एका वाडीवरच्या शाळेत झाली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. शाळेला दोन खोल्या आणि दोन शिक्षक, मी आणि मुख्याध्यापक गुरुजी. मी महाडहून एसटीने यायचे आणि शेवटचा चढ पायी चढायचे.

अध्यापक विद्यालयात आम्हाला वर्तनवाद शिकवला होता. बटण दाबल्यावर दाणा मिळाला, की कबुतर ते बटण पुन्हा पुन्हा दाबतं. तसंच बरोबर उत्तराला लगेच बक्षीस मिळालं, की मूल उत्तर द्यायला पुढे येतं. याला प्रबलन म्हणायचं. शाळेत गुरुजींच्या टेबलावर निरगुडीची छडी दिसली आणि पहिल्याच दिवशी त्या कबुतराचा दाखला देऊन मी बोलून गेले, "गुरुजी, माझ्या वर्गात छडी नको. मी बक्षिसं देऊन शिकवणार."

गुरुजी रागावले नाहीत. "करून बघा बाई. पाढे पाठ झाले म्हणजे झालं."

महाडच्या बाजारातून मी टिकल्यांची पाकिटं आणली, लाल, हिरवी, चमचमती. बरोबर उत्तर आलं की हातावर एक टिकली आणि सगळ्यांच्या टाळ्या. तिसरी-चौथीचा माझा वर्ग बघता बघता बदलला. पोरं मनगटापासून कोपरापर्यंत टिकल्या मिरवत घरी जायची. पावसाळा संपेस्तोवर तेरापर्यंतचे पाढे झाले. मी खूश होते.

फक्त चौथीतली एक मुलगी बोलायची नाही. हजेरीला नुसता हात वर करायची. पाटीवर मात्र तिची गणितं बिनचूक असायची. एक दिवस सगळ्यांना न आलेला भागाकार तिने सोडवला. मी आनंदाने तिची पाटी उंच धरली, तिच्या कपाळावर सगळ्यात मोठी टिकली लावली आणि म्हटलं, "वाजवा टाळ्या!" वर्ग दणाणला. ती खाली मान घालून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं ताप असेल. शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. तिची आई अंगणात भात वाळवत होती. मुलगी मला बघून गोठ्यामागे पळाली.

"आजारी आहे का हो?"

"आजारी कसली! घरात टकळी चालूच असते हिची. पन शालंत नाय जायाचं म्हणते. सगली वलून बघतात म्हणते."

मी तिथेच ओट्यावर बसले. मी बक्षीस म्हणून जे दिलं होतं, ते तिला शिक्षेसारखं लागलं होतं. छडी नको म्हणणारी मी! मी विचारलं, "मग शाळेतलं तिला आवडतं तरी काय?"

आई हसली. "ती घंटा! घरी पन ताटली बडवत बसते."

आमच्या शाळेची घंटा म्हणजे आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा. टोल द्यायचा मान गुरुजींचा. तो त्या मुलीला द्याल का, असं मी त्यांना विचारलं. ते लोखंडी दांडा माझ्या हातात देऊन म्हणाले, "जड आहे, पायावर पाडील. जवळ उभ्या राहा."

टोल तुलाच द्यायचाय, असा निरोप मी घरी धाडला, तशी मुलगी परत आली. टोल द्यायला मी तिला हळूच बोलावलं, टाळ्या नाहीत, काही नाही. तिने दोन्ही हातांनी दांडा उचलला आणि असा टोल दिला की आंब्यावरचे कावळे उडाले. ती हसली. मग मी अट घातली. आता कुठला तास आहे ते माझ्या कानात सांगायचं, मग टोल. काही दिवसांनी कानात नाही, समोर उभं राहून. मग दारातून आत बघून, "सुट्टी झाली," एवढंच. पायरी चढायची घाई मी केली नाही. एकदा केली, तेव्हा ती आठवडाभर गप्प झाली, आणि आम्ही पुन्हा कानापासून सुरुवात केली.

दरम्यान टिकल्यांचं वेगळंच झालं. "टिकली देनार तर सांगतो," असं एकाने मला तोंडावर ऐकवलं. मी टिकल्या हळूहळू कमी केल्या. त्यांच्या जागी गोष्टीचा तास आला, तो सगळ्यांचा.

थंडी पडली होती. फळ्याजवळ एक मुलगा तेराच्या पाढ्यात अडकला. तेवढ्यात मागून स्वच्छ आवाज आला, "एक्क्याण्णव!" तिचाच. पोरं वळणार, एवढ्यात मी खडू उचलून म्हटलं, "हं, पुढे?" आणि फळ्याकडे बघत लिहू लागले. "एकशे चार," ती म्हणाली. मग एकशे सतरा. मग एकशे तीस. मी मागे वळले नाही.

मधल्या सुट्टीत गुरुजी आले. "कोण बोललं ते?" मी सांगितलं. ते चहा प्यायले आणि जाताना म्हणाले, "ते कबुतराचं काय होतं, मला एकदा नीट सांगा."

ती मुलगी पाचवीला पोलादपूरला गेली. त्याच जून महिन्यात पहिलीत आलेली एक चिमुरडी आईचा पदर सोडेना. रडून तिने शाळा डोक्यावर घेतली होती. मी उठणार तोच गुरुजी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि तिच्या आईला विचारू लागले, "हिला काय आवडतं हो? ते आधी सांगा."

"म्हशीचं रेडकू," आई म्हणाली.

गुरुजींनी खडू घेतला आणि फरशीवरच रेडकू काढायला सुरुवात केली. चित्र अगदीच वाईट होतं. पोरगी रडायची थांबली आणि म्हणाली, "शिंगं नाय असत त्याला."