भोंगा की पेटी

निजामी होती तोवर आमच्या हिंगोलीत लाउडस्पीकर लावायचा तर आधी पोलीसठाण्याच्या अमीनसाहेबाची परवानगी लागायची, आणि ती आमच्यासारख्यांना कधी मिळाली नाही. आम्ही घशानेच ओरडायचो. ते राज्य गेलं त्या सालच्या दिवाळीनंतर आमच्या गाण्याच्या पथकाने ठरवलं, की आता स्वतःचं यंत्र घ्यायचं. वर्गणी जमली. नांदेडच्या एका दुकानाचा एजंट रेल्वेने दोन यंत्रं घेऊन आला आणि म्हणाला, वाजवून पाहा, पटेल ते ठेवा.

त्या साली कापूस उशिरा होता, म्हणून तालमीला एका जिनिंगची शेड मोकळी मिळाली होती. तिथे दोन्ही मांडली. एकाला मोठा भोंगा. दुसरी नुसती लाकडी पेटी, तोंडाला जाळीचं कापड, एका हाताने उचलावी एवढी. दोन्ही मोटारीच्या बॅटरीवर चालणारी.

शाहिरांना भोंगा हवा होता. शाहीर म्हणजे आमच्या पथकाचे पुढारी; तुरुंगात जाऊन आलेले, आवाज खणखणीत, शब्द शेवटचा. मला पेटी हवी होती. मी पथकाची पत्रकं लिहायचो, गाण्यातलं मला फार कळत नव्हतं. पेटी हवी होती ती पिंजारी चाचांसाठी.

चाचा गावात गाद्या भरायचे आणि आमच्यात बुलबुलतरंग वाजवायचे. बोटाने पट्ट्या दाबायच्या आणि दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या, असं ते मांडीवर घ्यायचं वाद्य. हार्मोनियमवाला बुवा वाशीमला निघून गेल्यापासून आमची चाल चाचांच्या तारांवरच उभी होती. त्या वर्षी आमच्या भागात मुसलमान घरांनी काय सोसलं ते इथे लिहीत बसत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांनी केलं त्यांनाही. पण तेव्हापासून पथकात कुजबुज सुरू झाली, की चाचांना आता नको. उघड कारण असं, की ढोलकीपुढे त्यांचं वाद्य ऐकूच येत नाही. ऐकू येत नव्हतं हे खरं होतं. म्हणूनच ते कारण मला काढून टाकायचं होतं.

आमची आवाज तपासायची रीत सभांमधली होती. एकाने गावाच्या वेशीपाशी जाऊन उभं राहायचं आणि बोलणं पोचलं की टोपी काढून हलवायची. यंत्रं तपासायलाही आम्हाला दुसरं काही सुचलं नाही. एकाला रस्त्याच्या टोकाला पाठवला. शाहीर भोंग्यातून बोलले आणि तिकडे टोपी लगेच हलली. सगळे खूश. मग एजंटाने चाचांच्या वाद्याला आवाज पकडणारी एक लहानशी डबी सुतळीने बांधली, तिची वायर यंत्रात खोचली आणि म्हणाला, वाजवा. चाचांनी तार छेडली मात्र, भोंगा चाकाखाली शेपटी आलेल्या कुत्र्यासारखा केकाटला. पुन्हा छेडली, पुन्हा तेच.

शाहीर म्हणाले, यंत्रालाच चाचांचं वाद्य मानवत नाही, त्याला मी काय करणार. चाचा म्हणाले, भोंगा अजून माझ्या गादीवर झोपलेला नाही, म्हणून कुरकुर करून राहिला. ढोलकीवाला हसला. मला हसू आलं नाही.

"शायीर, वाद्य ऐकू येत न्हाई हे कारण सांगू नका," मी म्हणालो. "चाचांची दाढी दिसती हे सांगा. म्हंजे मला तसं पत्रकात छापता येईल."

एजंट उगाच एक स्क्रू पिळत बसला.

मग तीच वायर पेटीत खोचली. पेटी केकाटली नाही, पण रस्त्याच्या टोकाची टोपी डोक्यावरच राहिली. तिथवर काही पोचलंच नव्हतं. शाहीर म्हणाले, झालं, नापास. मी म्हणालो, रस्त्याला गाणं शिकवायचं नाही, इथे बसलेल्यांनी एकमेकांना ऐकायचं आहे. भाषणाला घसा आहेच. एकदा सगळे मिळून म्हणा तर खरं.

म्हटलं. वरच्या सुराला शाहीर नेहमी भरकटायचे, कारण तार त्यांच्या कानावर येतच नसे. त्या दिवशी ते बराबर जागेवर उतरले. ते त्यांचं त्यांनाच कळलं. परत घ्या म्हणाले. मग आणखी एकदा. चाचा मान खाली घालून वाजवत होते.

गाणं थांबल्यावर शाहिरांनी एजंटाला विचारलं, चाचांच्या डबीची ही वायर किती लांब करता येईल? एजंट म्हणाला, म्हणाल तेवढी, अगदी बैलगाडीपर्यंत. शाहिरांचा चेहरा खुलला. म्हणाले, मग प्रश्नच मिटला, हीच ठेवू. पेटी मंचावर राहील, चाचा मागे गाडीत बसून वाजवतील. सूर लोकांत जाईल, माणूस कोणाच्या डोळ्यावर येणार नाही. लोकांना तकलीफ नाही, चाचांनाही नाही.

ज्या यंत्रासाठी मी भांडलो त्याच यंत्राने माणूस लपवायची सोय करून दिली होती. मी उठलो. चाचांनी माझा सदरा धरून मला खाली बसवलं आणि एजंटाला विचारलं, कात्री आहे का.

"वायर हातभर ठेवा. बाकीची कापून टाका."

"काहून?" शाहिरांनी विचारलं.

"पेटी जिथं, तिथं मी. मला गाडीत बसवायचं आसंल तर पेटीबी गाडीतच बसंल. मंग मंचावर तुमी आन ही ढोलकी, बसा एकमेकाचं तोंड बघत."

ढोलकीवाल्याने ढोलकी बाजूला सरकवली, जणू तिचा या भांडणाशी संबंध नव्हता. एका माणसाला हाकलणं शाहिरांना जड नव्हतं. पण मघाशी स्वतःचा आवाज कुठे उतरला ते त्यांनी ऐकलं होतं. शेवटी ते एजंटाला म्हणाले, कापा. एजंट कुरकुरला, की एकदा कापलेली वायर पुन्हा नीट जोडत नाही. चाचा म्हणाले, नको जोडू.

पहिला कार्यक्रम डोंगरकडा गावात, बाजाराच्या दिवशी झाला. मंच म्हणजे दोन गाड्यांवर टाकलेल्या फळ्या. वायर एवढी तोकडी, की चाचा पेटीला खेटून मधोमध बसले आणि उभं राहायला जागा मिळावी म्हणून शाहिरांना कडेला सरकावं लागलं. पुढे बसलेल्यांतले दोघे-तिघे धोतर झटकून उठून गेले. शाहिरांनी ते पाहिलं, मीही पाहिलं. त्यांनी पुढचं कडवं धरलं. बाकीचे बसून राहिले, आणि एक म्हातारा सगळा वेळ चाचांची बोटं पट्ट्यांवर कशी फिरतात तेच बघत होता.